खांब सरळ, फळी वाकडी

सुरगाणा तालुक्यातली जुनी घरं उतरवली जातात तेव्हा अंगणात आधी कौलांची थप्पी लागते, मग वासे येतात आणि शेवटी खांब. भिंती कारवीच्या कुडाच्या, त्यांची माती होते. खांब मात्र सागाचे. शबरी घरकुल किंवा पंतप्रधान आवास योजनेतलं सिमेंटचं घर शेजारी उभं राहिलं की या खांबांना काम उरत नाही. काही गोठ्याला लागतात, काही विकले जातात आणि बाकीचे तुकडे पावसात पडून राहतात किंवा चुलीत जातात. अशा तुकड्यांतून लहान पेट्या कराव्यात ही कल्पना चांगलीच आहे. दागिन्यांची, मसाल्याची किंवा पूजेच्या सामानाची पेटी करायला फूट-दीड फूट लांबीचं लाकूड पुरतं.

अडचण येते ती चिरून आणल्यावर. आरागिरणीतून खांबाच्या चार-सहा मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढून आणाव्यात, संध्याकाळी भिंतीला टेकवून ठेवाव्यात, तर सकाळी त्यांतल्या निम्म्या वाकलेल्या असतात. काहींच्या दोन्ही कडा वर आलेल्या, एखादीला पीळ पडलेला. जो खांब पन्नास-साठ वर्षं ओळंब्यात उभा राहिला, त्याचीच फळी एका रात्रीत वाकडी का व्हावी? ‘जुनं लाकूड मेलेलं असतं, ते हलत नाही’ असं सुतारकामात सर्रास ऐकू येतं. ते खरं असतं तर ही फळी वाकलीच नसती.

लाकडातलं पाणी

लाकूड म्हणजे खोडाच्या लांबीत लागलेल्या अगणित पोकळ पेशी. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. झाड तोडल्यावर पोकळीतलं पाणी आधी जातं. तेवढ्याने लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. पाण्याचं प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण २८-३० टक्क्यांवर आलं की भिंतीतलं पाणी निघू लागतं आणि आकसणं सुरू होतं.

हे कधीच कायमचं संपत नाही. लाकूड वाळलं तरी पेशींच्या भिंती हवेतली वाफ घेत राहतात आणि हवा कोरडी झाली की सोडतात. हवेत आर्द्रता ९० टक्के असेल तर लाकडातलं पाणी वीस टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतं, आर्द्रता ३० टक्के झाली की सहा टक्क्यांच्या आसपास. हा नियम कालच्या लाकडाला लागू आहे तसाच शंभर वर्षांपूर्वीच्या तुळईलाही. जुन्या वाड्यातला खण श्रावणात अडकतो आणि चैत्रात सहज सरकतो, तो यामुळेच.

सुरगाण्यात हा खेळ जोरात चालतो. घाटमाथ्याच्या या बाजूला वर्षाला दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दिवसेंदिवस ओलीचिंब असते आणि एप्रिलमध्ये तीच कोरडी पडते. त्याच नाशिक जिल्ह्यातल्या येवला-मालेगावकडे पाऊस याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच. म्हणजे पावसाळ्यात उंबरठाणला केलेली पेटी उन्हाळ्यात मालेगावात गेली तर तिच्या लाकडातलं निम्म्याहून जास्त पाणी निघून जाईल.

खांबाच्या पोटात

मग खांब का वाकला नाही? त्याच्या जाडीमुळे. पाणी लाकडाच्या आतून बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, जाडी दुप्पट तर वेळ चौपट. १०० मिलिमीटरचा खांब ४ मिलिमीटरच्या फळीपेक्षा २५ पट जाड, म्हणजे त्याला ढोबळमानाने सव्वासहाशे पट वेळ हवा. फळीला हवेशी जुळवून घ्यायला दोन दिवस लागत असतील, तर खांबाच्या मध्याला तीन वर्षांहून जास्त लागतील. तोवर ऋतू कितीदा तरी पालटतात. त्यामुळे खांबाचा मध्य वर्षभराच्या सरासरीवर, बारा-चौदा टक्क्यांवर, स्थिर बसतो आणि फक्त बाहेरचा थर ऋतूंबरोबर आकसतो, फुगतो. चारही बाजूंचा थर सारखाच वागतो, म्हणून खांबाला कोणत्याच बाजूला झुकायचं कारण मिळत नाही.

करवत चालली की ही व्यवस्था मोडते. सगळ्यात बाहेरच्या फळीची एक बाजू म्हणजे खांबाची जुनी पाठ आणि दुसरी बाजू आत्ताच हवेत आलेलं पोट. उन्हाळ्यात चिरलं तर पाठ सात टक्क्यांवर आणि पोट बारावर. पोट झपाट्याने वाळतं, आकसतं आणि फळी त्या बाजूला आत वळते. उन्हात घातलेला पापड वर तोंड करून वळतो त्यामागेही हेच आहे. वरची बाजू आधी वाळून आखडते, खालची अजून ओली आणि पसरलेली असते. पापड उलटला की तो पुन्हा सपाटीला येतो, आणि फळीचंही बरंचसं तसंच आहे.

पावसाळ्यात मात्र सगळं उलटं होतं. तेव्हा खांबाची पाठ ओली आणि पोट तुलनेने कोरडं. चिरल्यावर पोट हवेतलं पाणी घेऊन फुगतं आणि फळी दुसऱ्या बाजूला वळते. एकाच खांबाची अर्धी चिराई मे महिन्यात आणि अर्धी जुलैत केली, तर दोन्ही वेळच्या फळ्या विरुद्ध दिशांना बाक धरतील. हे ज्याला ठाऊक नाही तो लाकडाला लहरी म्हणून मोकळा होतो.

वलयांची दिशा

दुसरं कारण खोडातल्या वार्षिक वलयांचं. लाकूड सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. लांबीत तर जवळपास नाहीच. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने साग ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत सुमारे अडीच टक्के आकसतो, आणि वलयांच्या कडेकडेने साडेपाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दुप्पट. साग इतर बऱ्याच लाकडांच्या मानाने शांत गणला जातो, तरीही दीडशे मिलिमीटर रुंदीची फळी वीस टक्क्यांवरून सहावर आली तर रुंदीत चार मिलिमीटर कमी होऊ शकते. तिची वलयं उभी, म्हणजे फळीच्या पृष्ठभागाशी काटकोनात असतील, तर दोनच.

फळीची आडवी टोकं पाहिली की वलयांच्या कमानी दिसतात. सुतारकामातला जुना ठोकताळा असा की लाकूड वाळताना या कमानी सरळ व्हायला बघतात. म्हणजे फळी सालीच्या बाजूला आत वळते, आणि ओल धरली की उलट. खांबाच्या मधल्या फळ्यांत वलयं उभी येतात, म्हणून त्या सपाट राहतात. पण अगदी मधोमध जो कोवळ्या लाकडाचा बारीक गर असतो तो तडकतो. तो चिरून काढून टाकावा आणि त्या फळीचे दोन अरुंद तुकडे ठेवावेत. बाकात न मोडणारे हेच तुकडे पेटीच्या झाकणाला सर्वांत चांगले.

तिसरं कारण क्वचित दिसतं, पण दिसलं की ओळखता यावं. लाकूड पूर्वी घाईने वाळलं असेल तर आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना ताणून धरतात. अशा लाकडात करवत शिरताच तिच्या मागची फट मिटते किंवा फाकते आणि फळी पात्यावरून उतरताक्षणीच वाकते. कितीही वाट पाहिली तरी हा बाक जात नाही.

चिरण्याआधी

जुन्या खांबात खिळे असतात, आणि एक खिळा पट्टीकरवतीचं पातं खलास करतो. मजबूत लोहचुंबक खांबावरून फिरवावं आणि जिथे काळा डाग असेल तिथे जास्त शोधावं. लोखंड आणि लाकडातली द्रव्यं यांच्या संयोगाने तो डाग पडतो. खिळा निघून गेला तरी डाग राहतो, तो काही दोष नव्हे. वाळवीने खाल्लेला फिकट रंगाचा बाहेरचा थर मात्र तासून टाकावा. सागाची कीर्ती त्याच्या तपकिरी गाभ्यासाठी आहे, त्याभोवतीचं पांढुरकं लाकूड वाळवी सुखाने खाते.

करवतीची निवड हा हिशेबाचा भाग. पन्नास मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून चार मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या आहेत असं धरू. गोल पात्याची करवत प्रत्येक फटीत चार मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, तेव्हा फळ्या निघतात सहा. पट्टीकरवत दीड मिलिमीटर खाते, तेव्हा नऊ. रंध्याची तूट दोन्हीकडे वेगळी. पातळ फळ्या काढायच्या तर गोल पात्यावर निम्मा साग जमिनीवर पडतो, हे मनाला पटत नाही. सागात सूक्ष्म वाळूसारखी सिलिका असते, ती पात्याची धार लवकर घालवते, आणि त्याची धूळ नाकाला व त्वचेला झोंबते. फडकं बांधण्यापेक्षा मास्क बरा.

चिरण्याआधी खांबाच्या टोकावर खडूने एक तिरकी रेघ मारावी. फळ्या वेगळ्या झाल्यावर कोण कोणाच्या शेजारी होती आणि कोणती बाजू सालीकडची, ते त्या रेघेवरून कळतं. पुढे जोड्या लावताना याचा उपयोग होतो.

आणखी एक गोष्ट कागदाची. १८४० च्या दशकात इंग्रजांनी शेजारच्या डांगची जंगलं भाडेपट्ट्याने घेतली ती सागासाठीच, आणि तेव्हापासून या पट्ट्यातल्या सागावर सरकारची नजर राहिली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानंतर तोड आणि आरागिरण्या दोन्हींवरची बंधनं कडक झाली. घरातून निघालेला जुना साग असला तरी तो वाहनातून नेण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून परवान्याचं काय ते मिटवून घ्यावं, आणि आरागिरणी परवानाधारकच असावी.

चौकट: वाकलेल्या फळीचं निदान

पातं सुटताच वाकली: आतला ताण. फळी अरुंद पट्ट्यांत चिरावी किंवा लहान कामाला ठेवावी.

रात्रीत वाकली, आणि ताज्या चिरलेल्या बाजूवरच खड्डा किंवा फुगवटा: पाण्याची तफावत. दोन्ही बाजूंना सारखी हवा द्यावी, दहा-पंधरा दिवस थांबावं.

बाक वलयांच्या कमानींच्या उलट बाजूला, आणि ऋतूप्रमाणे बदलणारा: वलयांचा स्वभाव. जोडी लावून चिकटवावी.

चार कोपरे एका पातळीत नाहीत: पीळ. पातळ फळीत तो सहसा सुटत नाही, आखूड तुकडे करावेत.

आधी थांबा, मग चिरा

फळ्या आणल्यावर त्या भिंतीला टेकवणं हीच पहिली चूक, कारण भिंतीकडची बाजू कमी वाळते. सारख्या जाडीच्या पट्ट्या मध्ये घालून त्यांची चळत रचावी, पट्ट्या एकावर एक ओळीत याव्यात, वर वजन ठेवावं आणि चळत सावलीत राहावी. पाण्याच्या तफावतीने आलेला बाक यात बहुतांशी निघून जातो. खोलगट बाजूवर ओलं फडकं फिरवण्याचा तोडगाही चालतो, पण तो औट घटकेचा. ओल गेली की बाक परत येतो, तो गेला असं समजून लगेच चिकटवलेली पेटी पुढे उघडते.

जे उरतं त्यावर दोन उपाय आहेत. पहिला रुंदी कमी करण्याचा. बाकाची खोली रुंदीच्या वर्गाने बदलते. दीडशे मिलिमीटर रुंद फळीच्या मध्यात साडेचार मिलिमीटर खोली असेल, तर ती रंध्याने सपाट करायला निघालं की चार-सहा मिलिमीटरच्या फळीतलं काहीच हाती उरणार नाही. तीच फळी उभी चिरून पन्नास मिलिमीटरच्या तीन पट्ट्या केल्या, तर प्रत्येकीतली खोली एक नवमांश, म्हणजे अर्धा मिलिमीटर. एवढं रंधा सहज काढतो. मग पट्ट्यांच्या कडा सरळ करून त्या पुन्हा शेजारी शेजारी जोडायच्या. वाया गेला तो फक्त दोन फटींचा भुसा. रुंद फळी अखंड राहावी असा हट्ट पुष्कळांना असतो. पातळ कामात तो महागात पडतो, आणि नीट जोडलेल्या सागात सांधा शोधायला चष्मा लावावा लागतो.

दोन पातळ मिळून एक

दुसरा उपाय थरांचा. चार मिलिमीटरच्या दोन फळ्या पाठीला पाठ लावून चिकटवल्या तर आठ मिलिमीटरची एक फळी मिळते, आणि दोघींचे बाक विरुद्ध दिशांना ठेवले तर ते एकमेकींना अडवून धरतात. पण विरुद्ध ठेवण्याच्या दोन रीती आहेत आणि त्या सारख्या नाहीत. फुगीर बाजू एकमेकींवर ठेवल्या तर मध्य टेकतो आणि कडा उघड्या राहतात. शिकंज्याने त्या दाबल्या तरी सुटल्यावर फळ्या कडांना उकलू पाहतात, आणि सांध्यातली चीर नेहमी कडेपासूनच सुरू होते. खोलगट बाजू समोरासमोर ठेवल्या तर आधी कडा भेटतात आणि मध्य दाबून आणावा लागतो. नंतरही बाकाचा जोर कडांना आवळतच ठेवतो. म्हणून खोलगट बाजू आत. चिरताना मारलेली तिरकी रेघ इथे कामाला येते, कारण एकाच खांबातल्या शेजारच्या फळ्यांचा स्वभाव सर्वांत जास्त जुळतो.

दोन थरांत तंतू समांतरच हवेत. प्लायवुडमध्ये थर आडवे-उभे असतात हे पाहून कोणी दोनच थर काटकोनात चिकटवले, तर ऋतू बदलताच एक थर रुंदीत आकसेल, दुसरा त्या दिशेने जागचा हलणार नाही, आणि नवी फळी आधीच्या दोघींपेक्षा जास्त वाकेल. आडवा थर हवा असेल तर तो मध्ये, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे, सारख्या लाकडाचे उभे थर. प्लायवुडचे थर विषम संख्येत असतात ते या समतोलासाठी. आडव्या थरांची जाडीही आवरावी लागते. तीन मिलिमीटरच्या पुढे लाकडाचा जोर एवढा वाढतो की एक तर चिकट सुटतो किंवा लाकूडच फाटतं.

ही युक्ती कारखान्यातून निघालेली नाही. इजिप्तमधल्या सक्कारा इथे राजा जोसेरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली एका शवपेटीचे अवशेष सापडले, साडेचार हजार वर्षांहून जुने. तिच्या बाजू सहा थरांच्या होत्या, प्रत्येक थर सुमारे चार मिलिमीटरचा, लगतच्या थरांचे तंतू एकमेकांना आडवे, आणि थर लाकडी खुंट्यांनी जखडलेले. नाईलच्या काठी मोठं लाकूड दुर्मीळ होतं, तेव्हा लहान लहान तुकड्यांतून रुंद फळी घडवणं भाग होतं. आपल्या अंगणातल्या खांबांच्या तुकड्यांचा प्रश्न याहून फार वेगळा नाही.

चिकट लावताना

पूर्वी सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत. तो तापवून लावावा लागे आणि ओल लागली की सैल पडे. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या जुन्या लाकडी सामानाचे सांधे उकललेले दिसतात, त्यात सरसाचा वाटा मोठा. १९५९ मध्ये बलवंतराय पारेख यांनी मुंबईत सुरू केलेल्या उद्योगातून फेव्हिकॉल आला आणि सरसाची शेगडी विझली. पारेख स्वतः एके काळी लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपाई होते, तेव्हा सुतारांची अडचण त्यांनी जवळून पाहिली असणार.

हा पांढरा चिकट पाण्यात कालवलेला असतो, हे पातळ फळीसाठी महत्त्वाचं. चार मिलिमीटरच्या फळीला एकाच बाजूने जाड थर फासला तर ती बाजू पाणी पिऊन फुगते आणि सपाट केलेली फळी हातातच वळू लागते. म्हणून दोन्ही फळ्यांना एकाच वेळी पातळ, एकसारखा हात द्यावा आणि लगेच दाबावं. सागात तेलही असतं. रंधा मारून आठवडाभर ठेवलेल्या पृष्ठभागावर ते येऊन बसतं आणि चिकट धरत नाही. चिकटवण्याआधी नुकताच रंधा मारलेला असावा, किंवा थिनरच्या फडक्याने पुसलेलं असावं. पेटी ओलीत राहणार असेल तर पाण्याला टिकणारा प्रकारच घ्यावा.

दाबाच्या बाबतीत लोक धान्याच्या पोत्यावर विसंबतात. कठीण लाकडासाठी दर चौरस सेंटिमीटरला सात ते दहा किलो दाब चांगला मानतात. तीस बाय पंधरा सेंटिमीटरच्या फळीवर तो हिशेब तीन टनांवर जातो आणि पन्नास किलोचं पोतं त्यावर दर चौरस सेंटिमीटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम देतं. घरगुती कामात तीन टन कोणी देत नाही, पण सहा-आठ शिकंजे आणि फळीवर आडव्या ठेवलेल्या जाड दांडक्या तरी हव्यात. दांडकीची खालची बाजू मध्यभागी किंचित फुगीर तासली तर शिकंजा कडेला आवळूनही दाब मध्यापर्यंत पोहोचतो. शिकंजे दुसऱ्या दिवशी सुटतात, रंध्याने मात्र आणखी चार-पाच दिवस थांबावं. चिकटातलं पाणी सांध्याभोवतीच्या लाकडात शिरून तिथे फुगवटा आणतं. तो लगेच तासून सपाट केला तर पाणी गेल्यावर तिथेच खळगा पडतो, आणि पॉलिश केल्यावर तो चकाकून दिसतो.

पेटी बांधताना

आठ मिलिमीटरच्या या फळ्यांच्या चारही बाजूंचे तंतू पेटीभोवती आडवे फिरवावेत. मग ऋतूनुसार चारही बाजू उंचीत सारख्याच कमीजास्त होतात आणि कोपरे ताणले जात नाहीत. तळाची फळी कधीही चारही कडांनी चिकटवू नये. बाजूंना खोबण पाडून तळ त्यात नुसता बसवावा, म्हणजे त्याला सरकायला जागा राहते. थरांची आडवी-उभी फळी तळाला वापरली असेल तर मात्र चिकटवायला हरकत नाही, ती जवळपास हलतच नाही.

पॉलिश, मेण किंवा तेल पाण्याची येजा मंद करतं, थांबवत नाही. बाहेरून तीन हात आणि आतून एकही नाही असं केलं तर आतली बाजू आधी पाणी घेते आणि झाकण वळतं. जितके हात बाहेर, तितकेच आत. आणि झाकण अंगात बसणारं असेल तर त्याची फट महिना पाहून ठेवावी. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा कागद सरकेल एवढीच पुरे. उन्हाळ्यात शंभर मिलिमीटर रुंदीच्या, कमानी वलयांच्या झाकणाला दोन-अडीच मिलिमीटर मोकळे सोडावेत. उभ्या वलयांचं असेल तर त्याच्या निम्मे.